पश्चिमेकडचा डेक

शुक्रवार, ६ जून

नवा डेक पूर्ण झाला. मागच्या अंगणात फळ्यांचा ऐसपैस उघडा चौथरा, स्वयंपाकघराच्या दारापासून थेट पश्चिमेच्या कुंपणापर्यंत. कॉफी रंग, एकही खिळा वर दिसत नाही. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या, पंचवीस वर्षांची हमी. आईने एवढंच म्हटलं होतं की जुन्या डेकची एक पायरी डुगडुगते, ती बघ. पण पायरी दुरुस्त करून मूळ प्रश्न तसाच राहिला असता.

पश्चिमेच्या कुंपणाजवळचं पिकानचं झाडही पाडून घेतलं. त्यातून चिकट थेंब गळत, पानगळीच्या दिवसांत अक्रोडासारखी फळं टपाटप पडत, आणि फळ्यांवर डाग पडले असते तर हमी गेली असती. निर्णय तांत्रिक होता. झाड पाडलं तेव्हा आई किराणा आणायला गेली होती. परत आल्यावर बराच वेळ गाडीतच बसून राहिली. रेडिओ ऐकत असावी.

संध्याकाळी नव्या डेकवर डॉमिनोची पहिली बैठक. दर शुक्रवारी मिस नेल्डा, मिस अर्लीन आणि मिस ऑटी (इथं लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बायकाही 'मिस'च) येतात आणि आईसोबत फॉर्टी-टू खेळतात, डॉमिनोच्या सोंगट्यांवर दोन-दोनच्या जोडीने बोली लावून. बाबा गेल्यापासून आईची माणसांतली एवढीच एक संध्याकाळ. रंग किती सुरेख आहे गं, असं तिघीही म्हणाल्या. मिस नेल्डा दोनदा म्हणाल्या. मग साडेसातलाच 'चला, आता तुम्हाला मोकळं करतो' म्हणून उठल्या. एरवी दहा वाजतात. दमल्या असाव्यात.

प्रतिसाद: शंभर टक्के अनुकूल.

रविवार, ८ जून

कुतूहल म्हणून संध्याकाळी फळ्यांचं तापमान मोजलं. एकशे अठ्ठावन्न फॅरनहाइट. हवा एकशे एक होती. टेक्ससच्या मानाने यात विशेष काही नाही. पाणी उकळायला अजून चोपन्न अंश लागतील.

तरी दखल घ्यायला हवी. ऑस्टिनमधल्या सर्व्हर-रूम थंड ठेवणाऱ्या यंत्रणा मी डिझाइन करते. हजारो मशीन रात्रंदिवस तापत असतात आणि एकाचीही तक्रार येत नाही. एक डेक म्हणजे शनिवारच्या सकाळचं काम.

फिका राखाडी रंगही मिळत होता. तो बराच कमी तापतो, हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पण त्याच्यावर डाग दिसतात.

शुक्रवार, १३ जून

पाहुण्या यायच्या आधी डेकवर नळीने भरपूर पाणी मारलं. तत्त्व बरोबर आहे: पाण्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन जाते. प्रत्यक्षात वाफ तिथंच थांबली. मिस ऑटी म्हणाल्या, चेहऱ्याला वाफारा छान बसला, पार्लरचे पैसे वाचले. मग ओल्या फळीवर त्यांचा पाय घसरला आणि त्यांनी कठड्याचा खांब धरला. खांब मजबूत निघाला. त्या जोडणीचं डिझाइन माझं होतं.

एक नोंद. इथं रीत अशी की बटाट्याचं सॅलड, बीन्स, जे काही डिशमधून आणलं असेल ती डिश यजमानाकडेच सोडायची आणि पुढच्या खेपेला न्यायची. आज तिघींनीही आपापल्या डिश धुऊन सोबत नेल्या. स्वयंपाकघरात पसारा उरला नाही. सोयीचं झालं.

आईने मात्र रिकाम्या ओट्यावरून दोन वेळा फडकं फिरवलं.

शुक्रवार, २० जून

चार खांब उभारून सावलीचं पाल ताणलं. जहाजाच्या शिडासारखं त्रिकोणी, नव्वद टक्के ऊन अडवतं. दुपारी बारा वाजता डेकवर सुंदर सावली होती. तेव्हा कोणीच नव्हतं.

साडेपाचनंतर सूर्य पश्चिमेला खाली उतरतो आणि पालाच्या खालून आत येतो. हे मला माहीत होतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षी सूर्याचे कोन काढायला शिकवतात. पूर्वी त्या बाजूला काय होतं, हा प्रश्न वेगळा. त्याचा इथं संबंध नाही.

मिस अर्लीन आज लंगडत होत्या. खेळताना चौघीही टेबलाखाली चपला काढून बसतात. जुन्या डेकवर वर्षानुवर्षं बसत आल्या. आज मिस अर्लीननी काढल्या नाहीत. मी विचारलं. आग्या मुंग्या चावल्या, म्हणाल्या. हसून म्हणाल्या आणि लगेच माझ्या केसांचं कौतुक केलं. मी केस पाच वर्षं असेच बांधते.

शनिवार, २१ जून

सबंध अंगणात मुंग्यांचं औषध टाकलं. वारूळ एकही सापडलं नाही. तरीही टाकलं. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मी आत आल्यावर म्हणाली, "मी पायरी बघ म्हटलं होतं." एवढंच, आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. पायरी नवी आहे, अजिबात डुगडुगत नाही, हे मी तिला सांगितलं.

शुक्रवार, २७ जून

डेकच्या कडेने तुषारनळ्या बसवल्या. बारीक फवारा, हवा खरोखर वीस अंशांनी उतरते. हे मी मोजलं, अंदाज नाही.

मिस नेल्डा दर शुक्रवारी सकाळी पार्लरमध्ये केस सेट करून घेतात आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत त्याला हात लावत नाहीत. गेली चाळीस वर्षं. हे सगळ्या गावाला माहीत आहे, मलाही आहे. फक्त हिशेबात धरायचं राहिलं. दुसऱ्या डावात त्यांचे केस एका बाजूने खाली बसले. त्यांनी रुमाल डोक्याला बांधला आणि आईला म्हणाल्या, तुझ्या मार्टाने फार मेहनत घेतलीय गं, जॉर्जीन. आमच्याकडे बायका तुमच्या मेहनतीचं कौतुक करू लागल्या की समजायचं, दुसरं कौतुक करण्यासारखं काही सापडलेलं नाही.

पाण्यात क्षार जास्त आहेत. डॉमिनोंवर पांढरे डाग पडलेत. आईने रात्री ते व्हिनेगरने एकेक करून पुसले. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली.

संकल्प: फवारा पाहुण्यांवर नको, पाहुण्यांच्या आजूबाजूला.

शुक्रवार, ४ जुलै

आजची बैठक मिस नेल्डांच्या गाडीच्या शेडमध्ये. स्वातंत्र्यदिनाच्या सणामुळे, असं मी धरून चालले आहे. आई डॉमिनोंची पेटी काखेत मारून रस्ता ओलांडून गेली. माझ्यासाठी ताटात ब्रिस्केटचं भाजलेलं मांस झाकून ठेवलं होतं.

डेकवर एकटी बसून गावातली आतषबाजी पाहिली. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या होत्या, त्या फळ्यांना चिकटल्या. उठताना एक निघून तिथंच राहिली.

बुधवार, ९ जुलै

मिस नेल्डा कुंपणाशी आल्या. सात वाजले होते, सकाळचे. त्यांच्या हातात कॉफीचा मग होता आणि त्या पीत नव्हत्या.

"मार्टा, पोरी, तू हुशार आहेस म्हणून सरळ सांगते. अर्लीनला मुंग्या चावल्या नव्हत्या."

मिस अर्लीनना मधुमेह आहे. पावलांना संवेदना जवळजवळ नाही. पहिल्याच शुक्रवारी त्या सवयीने चपला काढून बसल्या, पाय फळ्यांवर टेकले, आणि त्यांना काही कळलं नाही. घरी जाऊन पाय धुताना कळलं. फोड, मग जखम, आता आठवड्यातून दोनदा दवाखाना. आई रोज दुपारी तिकडे जाते ती पट्टी बदलायला. मला वाटायचं, ती ग्रंथालयात जाते.

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही.

"तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून अर्लीनने सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून तुझ्या आईने सांगितलं नाही. मला सगळ्यांचा कंटाळा आला, म्हणून मी सांगितलं."

मी म्हणाले, माहितीपत्रकात अनवाणी वावरण्याबद्दल सूचना आहे.

मिस नेल्डा कॉफी गवतावर ओतून निघून गेल्या.

गुरुवार, १० जुलै

शांतपणे विचार केला तर जबाबदारी विभागलेली आहे. उत्पादक, ठेकेदार, हवामान. माझ्या वाट्याला रंगाची निवड येते, आणि झाड. झाड मोठा हिस्सा नाही. समजा चाळीस टक्के. साठ नक्कीच नाही.

दुपारी मिस अर्लीनच्या दारात जखमेचं चांगलं मलम ठेवून आले, नाव न लिहिता. त्यांची गाडी धुतली. टायरसुद्धा. पडद्याआड कोणीतरी हललं, म्हणून पाणी अर्ध्यावर बंद करून आले. साबण तसाच राहिला असेल. वाळल्यावर पट्टे दिसतील.

बुधवार, १६ जुलै

सगळ्या फळ्यांना पांढरा, ऊन परतवणारा लेप देण्याचं ठरवलं. हमी रद्द होते. होऊ दे.

शनिवार, १९ जुलै

लेप दिला. गुडघे सोलले. संध्याकाळी मोजलं: एकशे सहा. प्रचंड सुधारणा. आईला बोलावलं. ती दारात आली, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, छान झालंय. मग आत जाऊन स्वयंपाकघराचे पडदे ओढून घेतले, कारण परतलेलं ऊन सगळं ओट्यावर येतं.

मिस नेल्डा रस्त्यापलीकडून ओरडल्या, "एखादं विमान उतरायचं गं, दिवा लावून ठेव." त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. टोमणा होता. तरी मला बरं वाटलं.

शुक्रवार, २५ जुलै

मिस नेल्डांची बहीण नवऱ्यासकट राहायला आली आहे. शेडमध्ये आता त्यांची गाडी आणि मासेमारीची होडी. मिस ऑटीचं घर लहान, आणि त्यांचे पतिराज घरात शांतता पाहिजे म्हणून अडून बसलेले. आमच्या आतल्या खोलीत खेळा, मी सुचवलं. आई म्हणाली, एसीच्या वाऱ्याने मिस नेल्डांचा खांदा धरतो. डेक तयार आहे, असंही मी सुचवलं. आईने ओट्यावर फडकं फिरवलं.

मिस ऑटींनी फोनवर आईला म्हटलं, उन्हाळा उतरेपर्यंत खेळ बंद ठेवू या का. आई म्हणाली, हो हो, काहीच हरकत नाही. बाबांच्या अंत्यविधीला लोक भेटायला येत होते तेव्हा ती याच आवाजात बोलत होती.

संध्याकाळी सहाला ती केस विंचरून, स्वच्छ ब्लाउज घालून टीव्हीसमोर बसली. टीव्ही लावला नाही. मी माझ्या खोलीत जाऊन फळ्यांखालून थंड पाणी खेळवण्याचा आराखडा काढला. आराखडा चांगला आहे. पंप मात्र आवाज करेल. आणि आवाज ऐकायलाही डेकवर कोणीतरी असावं लागेल.

आराखडा बंद केला.

शुक्रवार, १ ऑगस्ट

दुपारी आईने सांगितलं, तुझी गाडी गॅरेजमधून बाहेर काढ. कारण सांगितलं नाही. मी काढली. तिने गवत कापायचं यंत्र भिंतीला लावलं, फरशी झाडली, घडीचं टेबल उघडलं, मोठं दार वर केलं आणि एका कोपऱ्यात चौकोनी पंखा लावला, कोणाच्या केसांवर वारा जाणार नाही असा. गॅरेजचं तोंड पूर्वेला आहे. संध्याकाळी तिथं घराची सावली असते. घर बांधल्यापासून आहे. मी तापमापक आणायला गेले नाही.

मिस नेल्डा आणि मिस ऑटी आल्या. खसखशीचे कोलाचे, म्हणजे भरलेले गोड पाव, आणले होते. आईने समोरच्या चौथ्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाली, बस. मिस अर्लीनचा पाय अजून उशीवर आहे, जमिनीला लावायची परवानगी नाही. त्यांना फोनवर घेतलं होतं. फोन कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

"माझ्या खुर्चीत कोण बसलंय?" फोनमधून आवाज आला.

"मार्टा," आई म्हणाली.

पंख्याचा आवाज येत होता.

"मिस अर्लीन," मी म्हणाले, "तुमच्या पायाचं मला फार—"

"पाय इथं माझ्याजवळ आहे. त्याचं मी बघते. तुला सात डॉमिनो काय आलेत ते बघ. आणि नीट बघ, पोरी. तुझ्या आईला त्या खुर्चीमुळे हरायची सवय नाही."

मिस नेल्डा खोकल्या. हसू होतं बहुतेक.

डॉमिनो मी पिसले होते, म्हणून शेवटची बोली माझी. मिस ऑटी पास म्हणाल्या. आई पास म्हणाली. मिस नेल्डा पास म्हणाल्या. तिघींनी पास म्हटलं की शेवटचीला पास म्हणता येत नाही, हा या चौघींचा जुना नियम. मी माझे सात पुन्हा एकदा पाहिले. बोली लावण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

"तीस," मी म्हणाले. त्याहून कमी बोली नसते.