टाकीतलं नितळ पाणी

८ एप्रिल, कामण
मातीविना, टाकीच्या पाण्यावर वाढवलेल्या लेट्यूसची मुळं पुन्हा तपकिरी. बोट लावलं की साल हातात. दोन पिकं गेली, हे तिसरं. सासऱ्यांनी बजावलं, "आता शेवटचा. नाय जमला तर जागा गोदामवाल्यांना." म्हणजे शेडही गेली आणि मी नोकरी सोडून केलेलं सगळंच.

९ एप्रिल
मागवलेली जीवाणूंची पूड आली. गूळपाण्यात भिजवून टाकीत ओतली. हे मुळांवर ठाण मांडतात, कुजवणाऱ्या बुरशीला जागाच उरत नाही म्हणे. पाणी गढूळ, तसंच असायला हवं. सासरे नाक धरून, "मोरीचा पानी झाला!" सासूबाई म्हणाल्या, "करू द्या तिला." या घरात माझ्या बाजूने त्या एकट्याच.

१४ एप्रिल
पांढरी मुळं!! बारीक, नवी, झुपकेच्या झुपके. शेडमध्ये एकटीच हसत बसले. उद्या बोळिंजला माहेरी, वहिनी बाळंत झाली. चार दिवस. सासूबाईंना म्हटलं, टाकीकडे लक्ष ठेवा.

१९ एप्रिल
सगळ्या रोपांनी माना टाकल्या. मुळं काळपट. पाणी मात्र काचेसारखं, तळ दिसतो. पीएच सहाचा चार, म्हणजे पाणी आंबट! पूडवाल्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, पाण्यात काहीतरी गेलंय." मी फोन आपटला.

१९, संध्याकाळ
सासूबाईंनी हौसेने टाकीपाशी नेलं. "बघ, पानी कसा नितळ केला. रोज सकाळी तुरटी फिरवली. दोन मोठे खडे झिजले, बाय."
विहिरीच्या गढूळ पाण्याला करतात, तसंच. गाळ तळाशी, त्यातच माझे जीवाणू, आणि वर तुरटीने आंबट झालेलं पाणी. गढूळ म्हणजे चांगलं, हे त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सांगितलं तेव्हा मटकन खाली बसल्या. "मीच मारला?" एवढंच.
पूडवाल्याची माफी मागायला हवी. उद्या.

२० एप्रिल
दुपारी जेवताना सासरे, "तुजे किडेच नडले ना?"
सासूबाईंचा घास हातातच.
मी "हो" म्हणाले. का म्हणाले? स्वतःच्याच आवाजाने दचकले. खरं सांगितलं असतं तर कदाचित आणखी एक पीक... पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघून त्यांचं नाव घेववेना.
सासऱ्यांनी हात धुवून लगेच फोन लावला. गोदामवाला उद्या दहाला येतोय.
सासूबाई ताटावरून उठल्या त्या उठल्याच. आत्ता त्या सासऱ्यांच्या खोलीच्या दारात उभ्या आहेत, हातात तुरटीचा झिजलेला खडा. आत जात नाहीत, मागे फिरत नाहीत.