भाकर कुटं शेकायची

आई,

भांडायला तू नाहीस, तरी आज राग तुझाच आला आहे. तुझा आणि कंपनीचा.

मी जिथे आयुष्य काढलं त्या वीज कंपनीने जाहीर केलंय, की काही वर्षांत तिचा धूर ‘निव्वळ शून्य’ होणार. म्हणजे धुराडं थंड, असं तुला वाटेल. नाही. धुराडं कोळशावर धडधडत राहणार, सौर वीज साठवायच्या बॅटऱ्या दरवर्षी पुढच्या वर्षावर जाणार, आणि तोवर कंपनी मावळातल्या घरांत कमी धुराच्या चुली फुकट वाटणार. बायकांच्या स्वयंपाकघरात जेवढा धूर कमी होईल, तेवढा धुराड्यातून वजा! हे गणित लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये पडद्यावर दाखवलं, टाळ्याही पडल्या. चुली रोज पेटतात, हे तपासून दिलेल्या दाखल्यावर माझी सही हवी होती.

म्हणून वडिवळ्याला गेले. पहिल्याच घरात बाई जुन्या मातीच्या चुलीपुढे, डोळे लाल. कोपऱ्यात कंपनीची चूल, तिच्यावर टोपली, टोपलीत खुडूक कोंबडी.

“ही वापरत नाही का?”

“वापरतो की! अंड्यावर बसवलीया. उच्ची बरी, उंदीर येत न्हाई.”

“मग कंपनीच्या फोटोत पेटलेली दिसते ती?”

“फोटूपुरती पेटवली व्हती. सायबांना च्या केला.” हसता हसता तिला ढास लागली. मग तव्यावरची भाकरी उचलून तिने निखाऱ्यांसमोर उभी केली. टम्म फुगली. “त्या नव्या चुलीला निखारं बाहेर वढायला तोंडच न्हाई, बाई. भाकर कुटं शेकायची?”

हे वाक्य तुझं आहे. आपल्या सुदुंबऱ्याच्या घरात मी पहिल्या पगाराची गॅसची शेगडी मांडतेय, पदवीची ऐट अंगात आहे, आणि तू खोकत विचारतेस, “शिकलीस लय. पन भाकर कुटं शेकायची त्ये सांग आदी.” जाळी आणते म्हटलं, तर “जाळीवरची तू खा.” पाहुणे आले की शेगडीवर चहा, एरवी तिच्यावर धुतलेलं फडकं. डॉक्टरांनी बजावलं, मी ओरडले, तू चुलीपुढून हलली नाहीस. अडाणी नव्हतीस, हट्टी होतीस, आणि त्या हट्टावर मी अजून चिडते. पण चहा केलास त्याला तू कधी स्वयंपाक म्हणाली नाहीस.

परत आले. कचेरीतला साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. “मॅडम, चुली वाटल्या ना? मग झालं.”

“वाटलेली चूल धूर कमी करत नाही. पेटलेली करते.”

“एवढं ताणू नका हो. वरून घाई आहे.”

“मग वरच्यांना सांगा, चुलीला तोंड करा, नाहीतर धुराड्याला हात घाला.”

सही केली नाही. शेऱ्यात लिहिलं : अंडी उबवण्यास उपयुक्त. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाची घेऊ. घेईलही.

कचेरीत म्हणतात, मॅडम तत्त्वाच्या पक्क्या. तत्त्व कसलं! त्या बाईची ढास अगदी तुझ्यासारखी होती, आणि कंपनीच्या कागदावर ती थांबलेली होती. ते मला सहन झालं नाही.

हे पत्र चुलीत घालावं म्हटलं, तर तळेगावच्या फ्लॅटमध्ये चूल कुठली. राहील इथेच, ओट्यावर.

आणि एक. वडिवळ्याची ती भाकरी मी उभ्याने खाल्ली, वर अर्धी मागून घेतली. जाळीवर तशी होत नाही.