काचेचा कोबा

४ मार्च १९८९
गिरणा नदीची वाळू आजही आली नाही. ट्रकवाला रोज नवीन थाप मारतो. संताप संताप झाला. गच्ची उखडून बसलोय आणि ज्वारीच्या बिबड्यांचे दिवस तोंडावर. आतापर्यंत गल्लीत स्लॅब फक्त आमचा, म्हणून सगळ्या बायका बिबड्या-कुरडया आमच्याकडेच वाळत घालतात. बायकोचा, कुंदाचा, वर्षातला तेवढाच थाट. कोबा वेळेत होणारच.

७ मार्च, सकाळी
मार्ग सापडला. वाळूऐवजी काचेचा चुरा. मासिकात वाचलं, परदेशात करतात. वाळू म्हणजे तरी काय, सिलिकाच. भंगारवाल्याकडून सोड्याच्या फुटक्या बाटल्या आणल्या. अभिमन मिस्तरी म्हणाला, असलं काम मी धरत नाही. नको धरू. मी समर्थ आहे.

१० मार्च
पोत्यात घालून बाटल्या कुटल्या. बोट कापलं. पोतं हलक्या प्रतीचं होतं. पिठाची चाळणी घेतली म्हणून कुंदा ताडताड बोलली. घरात सायन्सला काडीची किंमत नाही.

१५ मार्च
कोबा तयार. उन्हात हिरवा चमकतो. शेजारच्या तोतारामनेही नवा स्लॅब टाकलाय, साध्या वाळूचा. त्याला वाळू मिळाली कशी, याची चौकशी व्हायला पाहिजे.

२ एप्रिल
गल्लीतल्या झुंबरबाई गच्ची बघायला आल्या. कोब्यावरून हात फिरवला, बोटाला लागलेली कच उन्हात धरली आणि कुंदाला म्हणाल्या, पोरेसना पोटमा काच गई ते काय करसूत? मी सिमेंटची पकड समजावली. अनवाणी चालून दाखवलं. तळपायाला काहीतरी टोचलं, खडा असावा. रक्त थोडंच आलं. पण बायका तेवढंच बघत बसल्या. डोक्यात तिडीक गेली.

५ एप्रिल
कुंदा घरोघर सांगून आली, खाली दोन-दोन धोतरं अंथरते. कोणी हो म्हणेना. धोतरं घडी करून परत पेटीत ठेवली. उगाच मनाला लावून घेते. उद्या येतील सगळ्या.

७ एप्रिल, दुपारी
बिबड्या तोतारामच्या गच्चीवर. कुंदाही तिकडेच. त्याच्या दारात पाय ठेवणार नव्हतो, पण बिबड्यांच्या शिजवलेल्या घाट्याचं पातेलं तिला एकटीला उचलेना, म्हणून नेऊन दिलं. झुंबरबाईंनी जिन्याखालीच अडवलं. वर यायचं तर पाय धुऊन, तळवे नीट चोळून. सगळ्यांसमोर चोळले. पाणी कुंदानेच घातलं. तिने मान वर केली नाही.