एल म्हणजे लाल

मामा,

गेल्या पंधरवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली तेव्हा पहिला दिसला तो नर्सबाईचा निळा डगला. इतका निळा की मी तिला म्हटलं, "बाई, नवा शिवलास काय?" तर म्हणते, "आजी, चार वर्षांचा आहे, तुम्हालाच आत्ता नीट दिसतोय." डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूमागून निळं मळकट दिसतं, तो काढला की परत येतं. मी तिथं हसले, आणि घरी येऊन दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुमचे चिरंजीव असते तर म्हणाले असते, हिला उपासाला निमित्त लागतं. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. चिरंजीव म्हणतात खरे. तिकडे तुमची गाठ पडली असेल तर त्यांनी आधी तुमच्या डोळ्यांचीच चौकशी केली असेल. शेवटच्या आजारपणातसुद्धा त्यांच्या डोक्यात तेच होतं, की बाबांच्या नजरेत दोष होता आणि बाबांनी तो जन्मभर लपवला, म्हणून ते सगळं झालं. मी पायाशी बसून ऐकत होते.

बहारीनमधली उम्म अल हस्समची ती जागा आठवते ना? दोन खोल्या, आणि एका वेळी एकच माणूस उभं राहील एवढं स्वयंपाकघर. तुमची हयात बहारीनच्या गॅरेजांत गेली, आणि मी लग्न होऊन आलेली, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तुम्ही चौथी. मी तुम्हाला चिडवायची, "मामा, तुमच्यापेक्षा मी तीन यत्ता मोठी, जरा मान देत जा." तुम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचात, मूठ कानाला, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचात. मी म्हटलं, माझ्या मिक्सरला पण कान लावा. तुम्ही खरंच लावलात आणि म्हणालात, "बेअरिंग गेलंय गो." दुसऱ्या दिवशी मिक्सर बंद. टोमॅटो मात्र तुमच्याकडून धड येत नसत. पिकलेले आणा म्हटलं की निम्मे हिरवेगार. "मामा, ह्यांना दाढी फुटायची आहे अजून." तुम्ही म्हणायचात, "पिकतील." मला वाटायचं, लक्ष नसतं म्हाताऱ्याचं.

मग अरबाबच्या त्या पिकअपचं निघालं. अरबाब म्हणजे गॅरेजचा मालक, व्हिसा त्याच्याच हातात. पिकअप त्याच्या बापाची, खजुराच्या बागेतली, गॅरेजमागं ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी. त्याला ती ईदला रिफा गावातल्या घरी न्यायची होती, पण जुन्या इंजिनावर नाही. कॉम्प्युटरवालं नवं इंजिन हवं, किल्ली फिरवली की सुरू, चोक नको, धूर नको, वर एसी. इंजिन मिळालं एका आपटलेल्या गाडीतलं. तुम्ही साठीच्या पुढं गेला होतात आणि तुमचा व्हिसा ईदनंतर संपत होता. अरबाब म्हणाला, ही पिकअप चालती कर, मग इंशाल्ला आणखी दोन वर्षं. जेवताना तुम्ही हे सांगितलंत तेव्हा तुमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, बस झालं आता. गावी जाऊन आराम करा." तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. "आराम कुणाबरोबर करू? भिंतींबरोबर?" सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गावच्या घराला कुलूप होतं.

इंजिन तुम्ही आठवड्यात बसवलंत. जुन्या चासीला इंजिन धरायला नवे कान जोडलेत, काप काप कापलंत, घरी यायचात ते काळ्या तेलाचा वास घेऊन. म्हणायचात, लोखंडाचं काय, लोखंड ऐकतं. आणि मग एका दुपारी, बारा ते चारच्या सुट्टीत, हे ऑफिसात असताना, तुम्ही तांदळाचं पोतं घेऊन आलात आणि माझ्या स्वयंपाकघरात ओतलंत. आतून वायरींचा ढीग. बोटाएवढ्या जाड जुड्या, त्यांना फुटलेले फाटे, टोकांना कपलर. मी म्हणते, "मामा, हा कुणाचा कोथळा काढून आणलात? शिजवू काय?" तुम्ही हसत नाही. खाली मांडी घालून बसता, एक जुडी मांडीवर घेता आणि भलत्याच बारीक आवाजात विचारता, "सूनबाई, ह्यातली हिरवी कुठली गो?"

मी हसले, मामा. आधी हसले. मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा बघताय. मग तुमचं तोंड बघितलं.

"लाल न् हिरवी मला सारखीच," तुम्ही म्हणालात. "जन्मापासून. मातीचा रंग असतो बघ, तशी. निळी कळते, पिवळी कळते. ह्या दोन नाय."

"सासूबाईंना ठाऊक होतं?"

"तिला होतं. ती गेली."

"आणि ह्यांना?"

"त्याला सांगितलंस तर उद्याच्या विमानात बसवील मला. जुन्या गाडीत वायरी असतात किती? त्या मी हातानं ओळखतो. ह्याच्यात बघ, दीडशे असतील. अरबाबला कळलं तर तो म्हणेल, आंधळा मेकॅनिक कशाला ठेवू?"

टोमॅटोंचं मला त्या क्षणी कळलं. मी जिभेवर आलेलं गिळलं. एवढ्या वर्षांत तेवढंच गिळलं असेल.

मग रोज दुपारी आमची शाळा भरायला लागली. तुमच्याकडं एक कागद होता, कुठल्याशा पुस्तकाची झेरॉक्स, कडा काळ्या आलेल्या. त्यावर रेघाच रेघा, आणि प्रत्येक रेघेवर रंगाचं अक्षर. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. मला येतं असं मी सांगितलं. पाचवीत बाईंनी सात-आठ रंग पाठ करून घेतले होते तेवढ्यावर. डब्ल्यू व्हाइट, वाय यलो, जी ग्रीन, आर रेड, बी ब्लॅक. मी रंग ओळखायची, तुम्ही ती वायर कुठं जाते ते सांगायचात, आणि मी पांढऱ्या चिकटपट्टीवर मराठीत लिहून टोकाला लावायची: पंप, पंखा, चावी, बॅटरी. अशा पट्ट्या लावलेलं इंजिन आख्ख्या बहारीनमध्ये दुसरं नसेल. तुम्ही म्हणालात, "सूनबाई, तू मुलगा असतीस तर गॅरेज टाकलं असतं आपण." मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी ह्यांच्यावर उगाच रुबाब केला. भाजीत मीठ नाही म्हणाले तर म्हटलं, "असतं. तुम्हाला कळत नाही."

एल हे अक्षर मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं, एकाच रेघेवर. एलवरून कुठला रंग ते मला येत नव्हतं. डोकं खाजवलं, आणि मग वाटलं, लाल. एल म्हणजे लाल. जपान्यांच्या कागदावर मराठी कशाला येईल, हे माझ्यासारख्या बाईला कळू नये? पण मनाला पटलं. आर म्हणजे रेड, तो पण लालच, हेही ध्यानात आलं होतं. म्हटलं, एक गडद असेल, एक फिका. ह्यांना विचारता आलं असतं, सहज, भाजी निवडता निवडता. पण विचारलं असतं तर मला इंग्रजी येत नाही हे उघडं पडलं असतं, आणि तुमच्यापुढं ते मला पाडायचं नव्हतं. तुम्ही मला तुमचं झाकलेलं दाखवलंत. मी माझं झाकलं.

शेवटचा दिवस. साडेतीन वाजलेत, गॅरेज अजून बंद आहे, पत्रा इतका तापलाय की आत उभं राहवत नाही. मी डोक्यावर पदर घेऊन डबा द्यायला आल्याचं सोंग करून उभी. तुम्ही डॅशबोर्डाखाली उताणे, पाय बाहेर. बॅटरीकडून कायम करंट आणणारी वायर कॉम्प्युटरच्या जुडीतल्या एल अक्षराच्या वायरीला जोडायची, एवढंच राहिलंय. मी वाकून जुडीतली लाल वायर तुमच्या हातात देते. तुम्ही ती घेता. मग आतून तुमचा आवाज येतो, "सूनबाई, ही एक निळी उरलीय इकडं. निळ्याला काय अक्षर गो?"

निळा तुम्हाला दिसत होता. तुमचा तेवढा रंग पक्का होता, मामा. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "आता तुम्ही मला रंग शिकवणार होय?"

मग चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. तुम्ही लाल जोडलीत.

चार वाजता अरबाब आला, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात, अत्तर लावून. किल्ली त्यानंच फिरवली. इंजिन बोललं नाही. डॅशबोर्डामागून उदबत्तीएवढा धूर आला आणि जळल्याचा वास सुटला, बस. आवाज नाही, भडका नाही. अरबाबनं रस्त्यापलीकडच्या दुकानातून एका मल्याळी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं टॉर्च मारला, माझ्या पट्ट्या वाचायचा प्रयत्न केला, कागद बघितला. म्हणाला, "ये लाल किसने जोड़ा? एल तो ब्लू है. बी काला, एल नीला. कम्प्युटर खलास."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. हात पुसत म्हणालात, "मैं जोड़ा. मेरेको लाल हरा दिखता नहीं. पहले से नहीं दिखता."

सासूबाई गेल्यावर जे जगात फक्त मला सांगितलं होतंत, ते तुम्ही त्या पत्र्याखाली अरबाबला सांगून टाकलंत. आणि त्या इलेक्ट्रिशियनलाही कळलं नाही की निळा आणि लाल ह्यांत तुम्ही कधीच चुकला नसतात. अरबाब रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, इन्ता कबीर. खलास. रूह बलद." म्हातारा झालास, पुरे, देशी जा. वर तुम्हाला पाणी दिलं.

त्या रात्री ह्यांनी आवाज चढवला. "आयुष्यभर लपवलंत? कुणी मेलं असतं म्हणजे?" तुम्ही म्हणालात, "हो रे, चुकलंच." मी पोळ्या लाटत होते. एक पोळी करपली, तेवढंच.

आठ दिवसांत त्या मल्याळ्यानं दुसरा कॉम्प्युटर आणून लावला, आणि पिकअप पहिल्या किल्लीला सुरू झाली. तुम्ही ती ऐकायला गेलात. परत आलात, पाटावर बसलात, आणि ताटाकडं बघत म्हणालात, "छान बोलतेय. बाकीच्या सगळ्या वायरी बरोबर होत्या, सूनबाई. त्यानं एकपण हलवली नाय." मी तुम्हाला वाढत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी विचारलं, "भात वाढू अजून?"

पुढचं तुम्हाला सांगायला नको, ते तुम्ही गावच्या घरात एकट्यानं काढलंत. मी दर महिन्याला घरची म्हणून पत्रं लिहायची, इकडे सर्व खुशाल, तब्येतीला जपा, खाली ह्यांची सही. तुमचं उत्तर दोनदा आलं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. दिवाळीच्या आधी शेजाऱ्यांची तार आली. सकाळी दार उघडलं नाही म्हणून त्यांनी मागच्या बाजूनं बघितलं. आदल्या दिवसाचा भात चुलीवर तसाच होता म्हणे. हे पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

ह्यांना मी कधीच सांगितलं नाही. आधी राग निवळू दे म्हटलं, मग तुम्ही गेलात, मग कशाला, मग मुलं मोठी झाली, मग हे आजारी. दर वेळी कारण चांगलंच होतं. आणि लोकांत बसलं की मी तशीच, टिंगल करणारी, हसवणारी. सगळे म्हणतात, आजी कशी मजेची आहे.

हे पत्र टाकायचं कुठं ते मला ठाऊक आहे, कुठंच नाही. म्हणूनच एक लिहिते. विमानतळावर मी तुमच्या पायावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. बाजूच्या बायका म्हणाल्या, बघा, सून असावी तर अशी. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि काचेच्या दारातून आत गेलात, मागं न बघता. आणि मामा, दार मिटलं तेव्हा मला हलकं वाटलं. खरं ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, ते गेलं म्हणून.