वाहता नळ

प्रिय चिमणे,

दुपारी शिवणयंत्रावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. पुन्हा लहानपणचा तोच नळ दिसला. अंगणभर पाणी, पाण्यात आभाळ, आणि आपण दोघी चटईवर लोळतोय. अब्बा आतून ओरडतायत, कुणीतरी नळ बंद करा गं. तू म्हणतेस आपा ऊठ, मी म्हणते धाकटीनं उठायचं. शेवटी अब्बाच पायजमा भिजवत उठले, आणि रागवायचं सोडून आपल्याला फिक्ह, म्हणजे धर्माचे कायदे, शिकवत बसले! काही हुकूम ज्याचे त्याला असतात, म्हणाले. नमाज माझी मलाच पढावी लागते. काही मात्र सगळ्यांना मिळून असतात. एकानं पाळला की सगळे सुटले, कुणीच पाळला नाही तर सगळेच गुन्हेगार. मयताला आंघोळ घालणं त्यातलंच. तू आगाऊपणे विचारलंस, ते काम एकालाच येत असेल तर? अब्बांची कळी खुलली. तर तो हुकूम त्याच्या एकट्याचा, म्हणाले.

प्रश्न विचारायला शूर, पण अम्मी गेली तेव्हा तू गच्चीवर पळालीस. सुईणखालाच्या मदतीनं मीच अम्मीला न्हाऊ घातलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका शेवटची आंघोळ माझ्याच हातून घेतात. वरून चादर, आधी उजवी बाजू, कोमट पाणी. मी त्यांच्याशी बोलत राहते, नळाखाली बादली भरत राहते, आणि खोली हळूहळू कुठंतरी तरंगत निघाल्यासारखी वाटते. भीती नसते गं तिथं. मागं मामी गेली तेव्हा तांब्या तूच धरला होतास. धार अगदी नीट पडली. मी मनातून फार सुखावले होते.

काल डॉक्टरीणबाई माझे कागद बघून बराच वेळ नुसता चष्मा पुसत बसल्या. मी काय ते समजले. रडू नकोस, अजून तुझ्या पोरीचे दोन फ्रॉक शिवायचेत. गल्लीतल्या बाया माझं बघून हे काम शिकल्यात, कुणीही मला आंघोळ घालेल, हुकूम फिटेल, तूही सुटशील. पण गार पाण्याला मी किती भिते, डावा खांदा कसा अलगद उचलावा लागतो, हे तुला एकटीलाच ठाऊक आहे. म्हणून मी कुणीतरी या, असं म्हणत नाही. चिमणे, तू ये.

तुझीच, अजूनही चटईवरून न उठलेली,
आपा