सूनबाईंच्या वर्गात, कॅमेरा बंद

२७ ऑक्टोबर
सूनबाई दार लावून मोबाईलवर मुलांना फ्रेंच शिकवते आणि मधेच खिदळते. शिकवताना खिदळायचं कारण काय? माझ्याबद्दलच बोलत असणार. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म गेला माझा, माणूस लगेच ओळखतो.
निर्णय: फ्रेंच शिकायचं. बाईला रंगेहाथ पकडायचं, आमच्या आदिनाथसमोर उभं करायचं आणि वर्ग बंद. नवऱ्याला कळू दे काय बायको केलीय ते. आठ-दहा दिवस पुरेत.
सुटीतल्या फुकट वर्गाची लिंक तिनेच आमच्या देवळाली गावच्या ग्रुपवर टाकलीय. ‘कल्याण’ या खोट्या नावानं घुसलो. कॅमेरा बंद, माईक बंद. जागा: गच्ची, पाण्याच्या टाकीमागे.

२८ ऑक्टोबर
बाँझूर झालं. सोपी भाषा आहे. फक्त हे लोक अक्षरं लिहितात भरमसाट आणि उच्चारतात निम्मी. मस्टरवर सगळे हजर, उसाच्या फडात कोणीच नाही. असला कारभार मला खपत नाही. निषेध म्हणून अभ्यास केला नाही.

२९ ऑक्टोबर, सकाळी
मालननं विचारलं, अवं, टाकीमागं रोज काय चाललंय तुमचं? टाकी गळतीय म्हणालो. तर म्हणे, मग कानात वायर घालून टाकीचं काय ऐकताय तुमी?
बायकोही त्यांना सामील आहे.

३१ ऑक्टोबर
मॅडम आकडे शिकवत होत्या. चहा आला नव्हता म्हणून गच्चीवरून सुनेला हाक मारली. दोन-तीनदा मारली. तेवढ्यात वर्गात कोणीतरी रेड्यासारखं ओरडलं. शिकवणं थांबलं, पोरं हसली. कोण हा बेशिस्त माणूस, म्हणून फार राग आला. मग लक्षात आलं, मॅडमच्या माईकमधून माझीच हाक आली होती.
मॅडमनी पोरांना सॉरी म्हटलं. चहा आला, पण साखर कमी. मुद्दाम.

१ नोव्हेंबर
आकड्यांचं उत्तर टाईप केलं. मॅडम म्हणाल्या, ट्रे बियाँ, कल्याण, हुशार आहेस तू!
लग्न होऊन आल्यापासून मला एकदा तरी हुशार म्हणाली का ही? दुतोंडी बाई. रात्री जेवताना तिच्या भाजीला नावं ठेवली. मग पुढचा धडा आधीच पाठ केला. शत्रू गाफील राहावा म्हणून.

४ नोव्हेंबर
धडा: माझं घर. आज माझा विषय निघणारच. पुरावा टिपायला पेन घेऊन बसलो.
मॅडमनी नमुना म्हणून स्वतःचं घर सांगितलं. एकूण एक वाक्य कळलं, पहिल्यांदाच. आमच्या घरी तीन माणसं. सासूबाई, नवरा आणि मी. शिवाय एक म्हैस. म्हैस काळी आहे, मोठी आहे, चांगली आहे. फोटोही दाखवला.
मी वाट पाहिली. चेष्टा नाही, शिवी नाही, काहीच नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं.
माझा माईक कसा सुरू झाला, माहीत नाही. कात्र, म्हणालो. चार! खाली मालनलाही ऐकू गेलं असणार.
मॅडमनी अगदी सावकाश, मला कळेल अशा फ्रेंचमध्ये विचारलं, बरं, कल्याण, हा चौथा माणूस घरात काय करतो?
आतापर्यंत आमची क्रियापदं तीनच झालीत. मी सांगितलं, खातो. पितो. झोपतो.
पार्फे, मॅडम म्हणाल्या. एकही चूक नाही.