आबा, तुमच्या नावानं कुत्री सोडणार आहेत

प्रिय आबा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. त्यासाठी रजा टाकून कळंबहून आले, तर आपल्या फाट्यावर बसमधून उतरताच समोर तुम्हीच! पत्र्याच्या शेडएवढा फ्लेक्स. त्यावर तुम्ही फेटा बांधून उभे, गळ्यात कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवलेला सोन्याचा गोफ, शेजारी आपली हरणी कुत्री. खाली लिहिलेलं, ‘माळाचा राजा आबा यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शिकारी कुत्र्यांची भव्य दौड’. तुमच्या उभ्या आयुष्यात सोन्याचा मणी तुमच्या अंगावर चढला नाही. मेल्यावर चढला तो असा.

मी वाहक आहे, अख्खी बस एका आवाजात गप्प करते. पण फ्लेक्सवर ओरडून काय होणार? हा राग दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

हे सगळं सरपंचांच्या पुतण्याचं, बबलूचं डोकं. त्याच्याकडं शिकारी जातीची दोन कारवानी कुत्री आहेत आणि एक मोबाईल आहे. कुत्री सशाला फाडतात, हा गाणं लावून त्याचं रील टाकतो. कायद्यानं शिकारीला बंदी आहे हे शेंबड्या पोराला ठाऊक, पण माळावर बघायला येतं कोण? आता त्यानं पुढची पायरी गाठली. कुत्र्यांनी शिकार करायला सरकारनं रीतसर मोकळीक द्यावी, असा ठराव ग्रामसभेत आणला. कारण काय, तर रानडुकरं पिकं खातात. आणि त्या ठरावातही तुमचं नाव. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवणं सोपं असतं, आबा. तो खांदा काढून घेत नाही.

तुमची कुत्री मला आठवतात ना. लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, बसली तरी पळायच्या तयारीत असल्यासारखी. घरात दूध कमी असलं तरी त्यांची भाकरी दुधात कुस्करलेली असायची. आई म्हणायची, “पोरांपरीस कुत्री लाडाची.” शिमग्यानंतर शिकारीला माणसं जमायची, तुम्ही आपल्या वाघ्या कुत्र्याला घेऊन पुढं निघायचात आणि मला बापाचा केवढा अभिमान वाटायचा! ते खोटं कशाला बोलू?

पण मग तुम्ही शिकारीला जाणं सोडलंत. “गुडघे धरलेत,” म्हणालात. गावानं ते मानलं. आजही पारावर म्हणतात, आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला, न्हायतर शेवटपर्यंत कुत्री सोडली असती. ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा ते कारण सांगितलंत, त्याच दिवशी मेंढ्यांमागं अख्खा माळ तुडवून आला होतात. मी आणि आईनं ते घराबाहेर जाऊ दिलं नाही.

खरं काय ते मी पाहिलंय. आपल्या शेताच्या कडेला मेंढ्या कोंडायची जाळी लावलेली होती, आपली वाघर. आत नुकतीच जन्मलेली कोकरं होती, मी त्यांना पाजत होते. तिकडून आरडाओरडा करत शिकारीची माणसं आली आणि त्यांच्या पुढं पळणारा ससा जाळीखालून थेट कोकरांत शिरला. तुमच्या आज्यापासूनचा नेम, वाघरीत शिरलेलं जित्राब आपलं. त्याला हात लावायचा न्हाय, दुसऱ्याला लावू द्यायचा न्हाय. तुम्ही त्या माणसांतून पुढं धावलात, जाळीसमोर हात पसरून आडवे आलात आणि वाघ्याला “माघारी” म्हणून ओरडलात. एका शिट्टीवर थांबणारा तुमचा वाघ्या त्या दिवशी बहिरा झाला. जाळीवरून उडी मारून आत आला, एक कोकरू तुडवलं आणि ससा तुमच्या पायाशी धरला. ससा कसा ओरडतो ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. लहान लेकरासारखा.

माणसं हसत होती. शिकारीतले तुमचे जोडीदार निवृत्तीकाका, त्यांनी ससा उचलला, आणि धरणाऱ्या कुत्र्याच्या मालकाचा मोठा वाटा म्हणून संध्याकाळी मांडी आपल्या दारात पोचली. तुम्ही ती चुलीपर्यंत जाऊ दिली नाहीत. वाघ्याला मारलंही नाहीत. आईला एवढंच म्हणालात, “त्याचा काय दोष? तसा म्याच केलाय त्याला.” त्यानंतर आपल्या घरचं कुत्रं फक्त मेंढ्या राखायला.

मग गावाला हे का नाही सांगितलंत, आबा? जिवाभावाच्या माणसांना कमीपणा नको म्हणून? तुम्ही गुडघ्यांवर ढकलून मोकळे झालात, आणि आज तुमच्याच मौनाचा फ्लेक्स झालाय.

आता ज्ञानूचं ऐका. तुमचा धाकटा लेक या भानगडीत कसा सापडला, ते कळायला हवं. डुकरांनी त्याचा भुईमूग नांगरल्यासारखा उकरलाय. मी ते वावर पाहून आले. मी बबलूवर तोंड सोडलं तर ज्ञानू म्हणाला, “ताई, तुला पगार हाय. माझी शेंग गेली. बंदी घालणारे येऊन भरून देणार हायत व्हय?” खोटं नव्हतं ते. बंदी घालायची आणि शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडायचं, या कारभाराचाही मला तेवढाच संताप येतो.

पण त्या रागाच्या भरात त्यानं हरणीला बबलूसोबत डुकरामागं धाडलं. जिनं जन्मात कोकरांशिवाय काही पाहिलं नाही, तिला! उसाच्या कडेला डुकरानं तिचं पोट उभं चिरलं. बबलू आणि त्याची माणसं पळाली. येताना एक ससा तेवढा मारून आणला, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. डुक्कर अजून उसातच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्ञानूनं हरणीला धोतरात गुंडाळून मोटारसायकलवरून भूमला डॉक्टरांकडं नेलं. टाके पडलेत. जगेल म्हणतात, पण पळणार नाही.

काल ग्रामसभा झाली. बबलू उठून म्हणाला, “कायदा करनाऱ्यांनी डुक्कर बघितलंय का? आपल्या बापजाद्यांची रीत हाय. आबा असते तर पयली सही त्यांची असती.”

मी उभी राहिले. विचारलं, “ठराव डुकराचा आणि तुझ्या मोबाईलमधे सगळे ससे. ते कसं?”

“सशावर कुत्री तयार व्हत्यात, ताई.”

“म्हणजे मोकळीक मिळाली की आधी ससाच मरणार. डुक्कर हाय तिथंच. सरकारला मागायचंच तर कुंपण मागा, पिकाची भरपाई मागा. कुत्र्याचं पोट फाडायची परवानगी कशाला मागता?”

कुणीतरी हसलं. बाईमाणसाला शिकारीतलं काय कळतं, असंही आलं. मग मी वाघरीतली सगळी गोष्ट सांगितली. गुडघ्यांचं खोटं होतं हेही सांगितलं. बबलू म्हणाला, “मेलेल्याच्या नावावर कायबी खपवता येतंय.” ते ऐकून तर मी उडालेच. हे वाक्य त्यानं बोलावं!

तेव्हा निवृत्तीकाका काठी टेकत उठले. म्हणाले, “पोरगी खरं बोलतीया. त्यो ससा म्याच उचलला. आबा आडवा आला हुता, आमी न्हाय ऐकलं त्याचं. त्याचं नाव काढा ह्यातनं.” आणि खाली बसले. मी त्यांच्यावर इतकी वर्षं मनात राग धरला होता. काल तो कुठं ठेवावा ते कळेना.

तुमचं नाव निघालं. फ्लेक्सही उतरवला. पण ठराव झाला, आबा. हात वर झाले आणि त्यात ज्ञानूचाही होता. मी त्याला मागं सोडून घरी आले. थोड्या वेळानं तो आला, हरणीला दोन्ही हातांवर उचललं, वाघरीत नेऊन कोकरांत ठेवलं आणि जाळी पक्की केली. म्हणाला, “हात वर केला, कारण मला पीक पायजे. पण उद्या कायदा झाला तरी हितनं कुत्रं शिकारीला जाणार न्हाय.” मी त्याला शाबासकी दिली नाही. भाकरी वाढली.

परवाच्या जेवणाला निवृत्तीकाका येणार आहेत. बबलूलाही मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलंय. तुमच्या फोटोसमोर त्याला बसवीन, पोटभर वाढीन, आणि तो ससा कसा ओरडत होता ते पुन्हा सांगीन. त्याला वाईट वाटेल, पंगतीची चव जाईल, भावकी मला तोंडाळ म्हणेल. तुम्ही जन्मभर सगळ्यांची मनं सांभाळलीत, आबा. मला ते जमणार नाही. तुमचं श्राद्ध दरवर्षी घालीन, पण तुमच्यासारखी गप्प बसणार नाही, हा माझा शब्द.

तुमची लेक,
मंगल